बाईंच्या कोपराचं माप

जावयाला वर्कशॉपमधले सगळे मागून ‘मिलिमीटर’ म्हणत. हे त्याला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. लोकांची स्वयंपाकघरं बसवून देणं हा त्याचा धंदा. त्यानं लावलेल्या कपाटाचं दार ढकललं की शेवटच्या बोटभर अंतरात ते स्वतःहून मिटायचं, आवाज न करता. गिऱ्हाइकं त्याला घरी बोलावून इतरांना तो दार-खेळ दाखवत.

सासूबाईंनी मात्र त्याचं कौतुक एकदाच केलं होतं. लग्न ठरलं तेव्हा त्या फोनवर आपल्या बहिणीला म्हणाल्या, “मुलगा सरळ आहे गं, अगदी फळीसारखा. टिचकी मारली तर आवाजही तसाच येईल.” तो त्या वेळी दाराबाहेर बूट काढत होता. आत आला, चहा घेतला, हसून बोलला, आणि ते वाक्य एखादा जास्तीचा स्क्रू खिशात टाकावा तसं जपून ठेवलं.

बाईंचं आयुष्य एका नृत्यशाळेत गेलं होतं. खाली मोठा हॉल, भिंतभर आरसे, कोपऱ्यात पियानो. मुली व्यायाम करायच्या, नाचायच्या, आणि बाई त्यांच्यासाठी वाजवायच्या. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या नोकरीसोबत राहायला मिळाल्या होत्या, आणि नवरा गेल्यावर त्या दोन खोल्या म्हणजेच बाईंचं सगळं जग होतं. त्याच जगाच्या जिन्यावरून त्या पाय घसरून पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घातल्यावर लेकीनं त्यांना आपल्या घरी आणलं. पंधरा दिवसांसाठी, असं तिनं नवऱ्याला सांगितलं होतं. प्लास्टर निघालं, मनगटाचे व्यायाम झाले, घरातला पडदासुद्धा एकदा बदलून झाला, तरी बाई तिथेच होत्या. ज्या खोलीत त्या झोपत, तिथे पूर्वी जावयाच्या नमुन्याच्या फळ्या आणि दारं असत. आता ती सगळी व्हरांड्यात उभी होती आणि ऊन लागून वाकत होती. जावई रोज सकाळी त्यांच्याकडे बघायचा. बाईंकडे नाही, फळ्यांकडे.

मग एका रविवारी नृत्यशाळेच्या संचालिका, ज्यांना सगळे मॅडम म्हणत, गाडीतून एक लांब खोका घेऊन आल्या.

“पियानो विकला,” त्या दारातच म्हणाल्या. “दुरुस्तीवाल्यानं हात टेकले. हा कीबोर्ड घेतलाय. तुम्ही यावर हात बसवा. शनिवारी येते मी ऐकायला. अख्खा वर्ग वाजवायचा, सुरुवातीच्या संथ व्यायामापासून शेवटच्या उड्यांपर्यंत. मध्ये थांबायचं नाही.”

“आणि थांबले तर?” बाईंनी विचारलं.

मॅडमनी हातातला फोन जरासा वर केला. “यात सगळं रेकॉर्ड केलेलं मिळतं आता. स्पीकर लावला की झालं. मलाही ते आवडत नाही. पण मग वरच्या खोल्या मला पोशाख ठेवायला लागतील.”

मॅडम गेल्या. त्या दिवशी त्या घरात एका गोष्टीवर तिघांचंही एकमत झालं. बाईंना शनिवारी पास व्हायलाच हवं होतं. बाईंना आपल्या खोल्या हव्या होत्या, जावयाला आपली खोली हवी होती, आणि लेकीला दोघांच्या मधून बाजूला व्हायचं होतं. एवढं एकमत असलेल्या घरात भांडण व्हायचं कारण नव्हतं. पण ते झालं, आणि आठवडाभर पुरलं.

सुरुवात स्टँडपासून झाली. कीबोर्डासोबत कात्रीसारखा उघडणारा लोखंडी स्टँड आला होता. उंची कमी-जास्त करायला त्याला दाते होते, आणि त्यातला एक झिजलेला होता. बाईंनी पहिल्याच दिवशी जोरात डावा हात मारला, दाता सुटला आणि कीबोर्ड एका झटक्यात चार बोटं खाली बसला. तो पडला नाही, पण बाई ओरडल्या. जावई धावत आला. त्यानं स्टँड दोन बोटांनी हलवून पाहिला आणि चेहरा असा केला की जणू कुणी त्याच्या ताटात केस दाखवला.

“हे कुणी विकतं?” तो म्हणाला. “लोक हे विकतही घेतात?”

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँड जागेवर नव्हता. त्यानं तो वर्कशॉपमध्ये नेऊन भंगारात टाकला होता, आणि भंगारवाला तो घेऊनही गेला होता.

“तुझ्या नवऱ्याला विचार, मी आता कीबोर्ड मांडीवर घेऊ का?” बाई लेकीला म्हणाल्या. नवरा समोरच बसून पाव खात होता.

“सांग आईंना, मी करून देतोय,” नवरा म्हणाला. “प्लायचा. भिंतीला पक्का. वरून हत्ती चालला तरी हलणार नाही.”

“मला हत्तीसाठी वाजवायचं नाहीये.”

संध्याकाळी तो टेप घेऊन आला. बाई मनगटाखाली गरम पाण्याची पिशवी घेऊन खुर्चीत बसल्या होत्या. टेपचं टोक जमिनीला टेकवून तो वाकला आणि त्यांच्या कोपराकडे हात नेऊ लागला. ओटा करायचा तर तो गृहिणीचं कोपर मोजतो, ही त्याची रोजची पद्धत. बाईंनी हात मागे घेतला.

“मी काय खिडकी आहे, मोजायला?”

“माप लागतं.”

“पियानो आला तेव्हा कुणी माझं माप घेतलं नव्हतं. जेवढी उंची असते तेवढी असते. करा तेवढा.”

टेप कर्रकन आत गेला. बाईंनी हे बोलायला नको होतं. पियानोची उंची ठरलेली असते आणि तिला साजेसं स्टूल असतं. इथे दोन्ही गोष्टी अजून ठरायच्या होत्या. पण जावयाच्या तोंडून ‘लागतं’ असं ऐकलं की बाईंच्या अंगात काहीतरी ताठ व्हायचं. आणि बाईंच्या तोंडून ‘करा’ असं ऐकलं की जावयाचं तेच व्हायचं.

स्टँड मंगळवारी आला. सुंदर होता, हे बाईंना मनात कबूल करावंच लागलं. चार जाड पाय, कडा गोल घासलेल्या, मागे वायर जायला बरोबर तेवढंच भोक. त्यानं तो भिंतीला ब्रॅकेटनं घट्ट केला, वर कीबोर्ड ठेवला, पुढच्या कडेला एक बारीक पट्टी लावली, म्हणजे तो सरकणार नाही. मग समोर एक स्टूल ठेवलं आणि बाजूला उभा राहिला. गिऱ्हाइकानं दार ढकलून बघावं म्हणून उभा राहतो तसा.

बाई बसल्या. हात ठेवले. आणि पहिल्याच ओळीत त्यांना कळलं. कीबोर्डाच्या पट्ट्या कोपराच्या खूप वर होत्या. हात खालून वर चढत होता आणि मनगट मागे मोडून घ्यावं लागत होतं, नेमकं जिथे हाड जोडलं गेलं होतं तिथेच. संथ व्यायामाची दोन पानं होईपर्यंत तिथे ऊब आली. तिसऱ्या पानावर कुणी बारीक तार ओढावी तसं झालं. त्या थांबल्या.

“काय झालं?” जावई.

“उंच आहे,” बाई लेकीला म्हणाल्या. लेक औषधाच्या दुकानात कामाला होती. ती नुकतीच आली होती आणि अजून पर्सही खाली ठेवली नव्हती.

“उंच नाहीये,” जावई बायकोला म्हणाला. “स्टूल बुटकं आहे. आईंना सांग, स्टूल मी वर घेतो.”

त्याच्या धंद्यातली ही दुसरी पद्धत. तयार झालेली वस्तू तो कधी कापत नसे. ओटा भिंतीशी जुळला नाही तर खाली चकत्या देऊन जुळवायचा. कापलेली कड म्हणजे त्याच्या लेखी जाहीर माफी. म्हणून बुधवारी स्टुलाखाली चार ठोकळे आले. बाईंची कोपरं वर आली, पण पाय लटकले. सूर लांबवण्यासाठी पायानं दाबायचं पेडल जमिनीवर होतं, आणि बाईंचा बूट त्याच्या वर हवेत भिरभिरत होता.

“पेडल,” बाई म्हणाल्या.

गुरुवारी पेडलखाली एक पेटी आली, पेडल तिला स्क्रूनं जखडलेलं. आता उजवा पाय वर आणि डावा अधांतरी.

“तुझ्या नवऱ्याला सांग, माझे दोन पाय आहेत. दोन्ही एकाच लांबीचे.”

शुक्रवारी डाव्या पायासाठी दुसरी पेटी आली. स्टूल मात्र अजूनही दोन बोटं कमी पडत होतं, म्हणून त्यावर एक फळी, आणि फळीवर एक गादी. बाई आता त्यावर बसायच्या तर लेकीचा हात धरून चढायच्या. वर पोचल्या आणि मान ताठ केली तर त्यांचं डोकं भिंतीवरच्या कपाटाला लागायचं. ते कपाटही त्यानंच लावलेलं होतं, आणि तेही अगदी पक्कं होतं.

“बरोबर झालंय आता,” जावई खालून म्हणाला.

“तुझ्या नवऱ्याला विचार, मला इथून उतरायला शिडी आणणार आहे का तो.”

“आईंना सांग—”

“कुणालाही काही सांगणार नाही मी!” लेक ओरडली. “आठवडाभर टेलिफोन झालाय माझा. दुसरी कुणी असती तर रागावून माहेरी गेली असती. मी कुठे जाऊ? माझं माहेर इथे येऊन स्टुलावर बसलंय!”

शनिवारी सकाळी ती कामाला जाताना दोघांकडे न बघता म्हणाली, “मॅडम चारला येतील. मी पाचला. तेवढ्यात एकमेकांना मारलंत तर फरशी पुसून ठेवा.”

दार लागलं. घरात दोघंच उरले. बाई त्या चौथऱ्यावर चढल्या, वाकल्या, वाजवायला लागल्या. डोकं सांभाळायचं म्हणून पाठ वाकायची, पाठ वाकली की कोपरं खाली यायची, आणि मनगट पुन्हा जुन्या जागी मोडायचं. संथ व्यायाम झाले. पायांचे झाले. झोक्याच्या चालीवर आल्यावर स्टुलाखालचा एक ठोकळा हळूच हलला. त्या थांबल्या. मनगट धरून बसल्या. खाली बघितलं तर जावई दारात उभा.

“थांबलात,” तो म्हणाला. मंगळवारनंतर पहिल्यांदा तो थेट त्यांच्याशी बोलला होता.

“थांबले.”

“मॅडम आल्यावरही असंच थांबणार?”

बाई उतरू लागल्या. त्यानं हात पुढे केला नाही आणि त्यांनी मागितला नाही. खाली आल्यावर त्यांनी गादी ओढून टाकली, मग फळी, मग स्टूल कलतं करून एकेक ठोकळा पायानं बाजूला सारला. दोन्ही पेट्या भिंतीकडे लोटल्या. स्टूल पुन्हा पहिल्यासारखं जमिनीवर आलं.

“बसा,” त्या म्हणाल्या.

“कोण?”

“दुसरं कुणी आहे इथे? बसा. हात ठेवा पट्ट्यांवर.”

तो बसला. हात ठेवले. त्याचे खांदे सैल, कोपरं अंगालगत, हात सपाट, मनगट सरळ. पाय जमिनीवर पुरते टेकलेले. वाजवणाऱ्यानं कसं बसावं याचं चित्र काढायचं तर त्याचंच काढावं, इतका तो बरोबर बसला होता. फरक एवढाच की त्याला वाजवता येत नव्हतं.

“हे कुणाच्या मापाचं केलंत?” बाईंनी विचारलं.

तो पट्ट्यांकडे बघत राहिला. मग कान लाल झाले.

“तुम्ही मोजू दिलं नाहीत,” तो म्हणाला. “मग कुणाचं घेणार? शेजाऱ्याचं? स्वतःचं घेतलं, आणि अंदाजानं थोडं कमी केलं.”

“अंदाजानं! मिलिमीटर म्हणतात ना तुम्हाला?”

“आणि तुम्हाला खिडकीसारखं मोजलेलं आवडत नाही! एक मिनिट हात पुढे केला असतात तर मंगळवारीच काम संपलं असतं.”

“एकदा ‘चुकलं’ म्हणाला असतात तर बुधवारी संपलं असतं.”

“माझं माप चुकत नाही. माणूस चुकीचा होता.”

“कापा तो.”

“नाही कापणार. कडा घासून पॉलिश झालंय. ब्रॅकेट काढावे लागतील, भिंतीत नवी भोकं पडतील. तुम्हाला काय कळणार? तुमच्यासाठी ती फळी आहे.” तो जरा थांबला. “टिचकी मारायची आणि आवाज ऐकायचा.”

बाईंना कळायला क्षणभर लागला. मग त्यांना तो फोन आठवला, ती बहीण आठवली, दाराबाहेरचे बूट आठवले. त्यांना लाज वाटायला हवी होती. थोडी वाटलीही. पण तिच्या मागून जे आलं ते जास्त जोरकस होतं.

“मग आता नीट ऐका,” त्या म्हणाल्या, आणि त्या स्टुलाजवळ खुर्ची ओढून आरामात बसल्या. “चारला मॅडम येतील. मी याच स्टँडवर वाजवीन. अर्ध्यात थांबेन. मॅडम स्पीकर लावतील आणि माझ्या खोल्यांत पोशाख ठेवतील. मग मी कुठे जाणार?”

जावई स्टुलावरून उठला.

“इथेच राहीन. या खोलीत. माझ्या आईला मरेपर्यंत काही झालं नव्हतं, आणि ती नव्वदीची होऊन गेली. तुमच्या फळ्या व्हरांड्यात कायमच्या. हा स्टँडही इथेच, भिंतीला पक्का. मी रोज सकाळी त्यावर बसून जमेल तेवढं वाजवत जाईन. तीन पानं. रोज तीच तीन पानं.”

त्यानं व्हरांड्याकडे पाहिलं. बाहेर एका पांढऱ्या दाराचा कोपरा उन्हानं पुस्तकाच्या पानासारखा उचलला गेला होता.

“हात पुढे करा,” तो म्हणाला.

बाई स्टुलावर जाऊन बसल्या. हात कोपरात दुमडून पुढे धरला आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या, इंजेक्शन घेताना बघतात तशा. त्यानं टेप जमिनीला लावला, कोपरापर्यंत आणला, आकडा पाहिला, पुन्हा पाहिला. कीबोर्डाची जाडी वेगळी मोजली. पेन्सिलीनं प्लायवर चारही पायांना रेघा मारल्या आणि दातांमधून म्हणाला, “अकरा सेंटिमीटर.”

“आणि अंदाजानं थोडं कमी केलं म्हणे.”

“बोलू नका. करवत चालवताना मला बोललेलं चालत नाही.”

“मलाही वाजवताना चालत नाही. आठवडाभर तुम्ही बोलतच होतात.”

ब्रॅकेट सुटले, पेडल पेटीवरून सुटून पुन्हा जमिनीवर आलं, स्टँड व्हरांड्यात गेला, करवतीचा आवाज आला. चार तुकडे फरशीवर पडले आणि प्रत्येक तुकड्याला तो काहीतरी म्हणाला. काय ते बाईंना ऐकू आलं नाही, पण जे म्हणत होता ते तुकड्यांसाठी नव्हतं. भिंतीत नवी भोकं पडली. पॉलिशच्या कडेखाली प्लायचे उघडे थर दिसू लागले. तो त्या थरांकडे बघू शकत नव्हता, म्हणून त्यानं शेवटचे स्क्रू मान फिरवूनच आवळले.

बाईंनी बसून हात ठेवले. हात सपाट गेला. मनगट सरळ राहिलं. त्यांनी पेडलवर पाय टेकवला. तो विचारायला थांबला नाही.

मॅडम वेळेवर आल्या. सोफ्यावर बसायला त्यांनी नकार दिला. बूट काढले, खिडकीची कड धरली आणि म्हणाल्या, “वर्ग मी स्वतः करणार. वाजवा.”

संथ व्यायाम झाले. मॅडमचे गुडघे वाकत आणि सरळ होत राहिले. पायांचे व्यायाम झाले, झोक्याची चाल आली आणि गेली. जावई दारात उभा होता, शर्टावर भुसा. तो बाईंकडे बघत नव्हता, स्टँडच्या पायांकडे बघत होता. बाई मॅडमकडे बघत नव्हत्या, आपल्या मनगटाकडे बघत होत्या. तिथे ऊब आली होती. जुनी तार कुठेतरी होती, पण अजून कुणी ओढली नव्हती.

मग उड्या आल्या. मॅडम खिडकी सोडून खोलीच्या मध्यावर आल्या आणि त्या वयाला शोभणार नाही इतक्या उंच उडू लागल्या. फरशी हादरली, वरच्या कपाटातले कप किणकिणले, दिव्याची वायर हलली. बाईंनी डावा हात जोरात मारला, त्याच जोरानं, ज्यानं आधीचा लोखंडी स्टँड खाली बसला होता. प्लायचा स्टँड हलला नाही. केसभरही नाही. तार ओढली गेली, शेवटच्या पानावर, चांगलीच. बाईंनी ओठ चावला आणि ते पान संपवलं.

मॅडम खुर्चीत कोसळल्या. श्वास परत आल्यावर म्हणाल्या, “सोमवारी या. कीबोर्ड घेऊन. आणि हा स्टँडही हवा मला. कुठे मिळतो असा?”

“मिळत नाही,” बाई म्हणाल्या. “कापून घ्यावा लागतो. त्यासाठी भांडावं लागतं.”

“पाय मी नंतर नीट बसवून देईन,” जावई दारातून म्हणाला. “कडा उघड्या आहेत. असा बाहेर जाऊ देणार नाही मी.”

रविवारी त्यानं कडांना पट्टी लावली आणि स्टँड नृत्यशाळेच्या हॉलमध्ये नेला. बाईंची बॅग त्याच गाडीत होती. पियानोच्या जुन्या जागी त्यानं तो उभा केला, पातळी पाहिली आणि ड्रिल काढलं. बाई शेजारी हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. लेक जिन्यावर बसून दोघांकडे आरशातून बघत होती.

चार ब्रॅकेट, प्रत्येकी दोन स्क्रू. ते झाल्यावर त्यानं पिशवीतून आणखी चार ब्रॅकेट काढले आणि पाय जमिनीला जखडायला घेतले.

“भिंतीला एवढे मारल्यावर हे कशाला?” लेकीनं विचारलं.

“हलायला नको,” तो म्हणाला. “इथून कुठेही. कधीही.”

बाई वाकल्या आणि त्यांनी उजव्या हातानं प्रत्येक स्क्रू एकेक करून दाबून पाहिला. मनगट दुखलं, तरी पाहिला.

“हा डावीकडचा अजून एक फेरा घ्या,” त्या म्हणाल्या. “मलाही परत यायचं नाहीये.”

त्यानं घेतला.